रांधणारीनं आधी खायचं

ओमकारभाऊंनी करांदे, म्हणजे रानातले कंद, खाल्ले आणि दोन दिवस अंथरूण ते संडास हा रस्ता झिजवला. तिसऱ्या दिवशी सलाइन सुटल्यावर त्यांनी पहिला फोन लावला तो हर्षलाला.

"मंगळीबाईंची चावी रद्द कर," ते म्हणाले. आवाज विहिरीच्या तळातून येत होता. "आजच्या आज."

"भाऊ, तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे. नोंदवही बरी नाही. तिच्यात वाचूनच खाल्ले गं मी! 'सोलून, एकदा उकडून खावे.' खाली मंगळीबाईंची सही. म्हटलं, साक्षात मंगळीबाई सांगतात म्हटल्यावर बघायचं काय? आणि आता ही म्हणते, खाई त्याला खवखवे!"

'ही' म्हणजे त्यांची बायको. तिला एवढं म्हणायचा हक्क होता, कारण दोन दिवस बादल्या तिनंच उचलल्या होत्या.

आता ही नोंदवही कसली, ते आधी सांगायला हवं. ओमकारभाऊ साजगावच्या एका कारखान्यात मशीनची देखभाल बघायचे, राहायला खोपोलीत, आणि डोक्यात रानाचं वेड. रविवार आला की हा माणूस डोंगराकडेच्या वाड्यांवर. तिथल्या कातकरी बायकांना रानातलं जे खाणं ठाऊक आहे, म्हणजे कुठला पाला, कुठला कंद, कधी खणायचा, कसा रांधायचा, ते सगळं उतरवून ठेवायचं असं त्यांनी तीन वर्षांपूर्वी मनावर घेतलं. हर्षला भिवपुरीजवळच्या गावातली, घरी बसून मुंबईच्या कंपनीचं प्रोग्रामिंग करणारी. तिनं ती नोंदवही बांधून दिली, प्रोग्रामर लोक आपला प्रोग्राम ठेवतात त्या पद्धतीनं. म्हणजे काय, तर तिच्यात पुसलं काहीच जात नाही. जुनं तसंच खाली राहतं, नवा फेरबदल त्याच्यावर चढतो, आणि प्रत्येक फेरबदलाखाली करणाऱ्याची सही असते. सही पेनची नव्हे हो. बोटाच्या पेराएवढी एक चावी फोनला जोडायची, तिच्यावरच्या पिवळ्या ठिपक्याला बोट लावायचं, झाली सही. त्या सहीची नक्कल जगात कुणाला करता येत नाही. मात्र बोट कुणाचंही चालतं, चावी तेवढी तीच हवी. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि कुणाची सही कुठं मानायची, हे ठरवणारी अकरा ओळींची एक फाइल होती. हर्षलाच्या भाषेत विश्वासाची फाइल. पहिली ओळ अशी की, खाण्याच्या रीतीतला कुठलाही फेरबदल मंगळीबाईंची, म्हणजे वाडीवरच्या सगळ्यात जाणत्या बाईची, सही असल्याशिवाय घ्यायचा नाही. मधे भाराभर इतर नियम. आणि शेवटची ओळ अशी की, हर्षलाची सही सगळीकडे चालेल. ती ओळ तिनं पहिल्या दिवशी लिहिली होती, आणि नंतर कधी वाचलीसुद्धा नव्हती.

"रविवारी नोंदवही शाळांना द्यायची आहे," ओमकारभाऊ म्हणत होते. "उद्या एखाद्या पोराच्या पोटात गेलं तर? चावी रद्द कर, हर्षला. मला काय आनंद होतोय का?"

रद्द करणं म्हणजे एक ओळ लिहिण्याचं काम. पण ती ओळ लिहिली की मंगळीबाईंच्या सहीच्या दोनशे चौदा नोंदी एका दमात बिनभरवशाच्या ठरणार होत्या. तीन वर्षांची मेहनत गेली, ते एक. पण त्या बाईला काय तोंड दाखवायचं? 'मावशी, तुमच्या शब्दावर आमचा भरवसा उरला नाही,' असं वाडीवर जाऊन सांगायचं?

तिनं करांद्याची नोंद उघडली. फेरबदल मागच्या मंगळवारी, दुपारी तीन वाजता. ती खुर्चीत ताठ झाली. मागच्या मंगळवारी दुपारी मंगळीमावशी वाडीवर नव्हतीच! नेरळला बहिणीकडे जायचं म्हणून हर्षलानंच तिला स्कूटरवरून भिवपुरी स्टेशनला सोडलं होतं, आणि ती परत आली ती गुरुवारी.

"भाऊ, रविवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मावशींनी ही सही केलेली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल."

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला पोट बिघडल्याचं कळवून तीन दिवसांची रजा टाकली, आणि स्कूटर काढली. आईनं नेहमीप्रमाणे पाण्याची बाटली हातात दिली, आणि नेहमीचं वाक्यही.

"वाडीवर काय खाऊ नको गं. पोट बिघडंल तुजं."

भात झोडून झालं होतं, खाचरं उघडी पडली होती, रस्त्याच्या कडेनं पेंढ्याचे भारे. वाडीच्या चढाला स्कूटर कण्हायला लागली तेव्हा हर्षलाच्या डोक्यात एकच भुंगा होता: चावी चोरली कुणी?

मंगळीमावशी अंगणात टोपलीभर करांदे पुढ्यात घेऊन बसली होती. काटक अंगाची, साठीला टेकलेली, आणि डोळ्यांत कायम कुणाची तरी चेष्टा चाललेली.

"ये गं बाय! आज बुधवारीच?"

"मावशी, तुमची चावी कुठाय?"

मावशीनं हनुवटीनं दाखवलं. दाराच्या खांबाला खिळा, खिळ्याला कोयता, आणि कोयत्याशेजारी काळ्या दोऱ्यात ती चावी. नोंदवहीची अख्खी अब्रू तिथं वाऱ्यावर डुलत होती.

"तिथं? उघड्यावर? कोण नेतं ती?"

"ज्याला लागंल तो."

"मावशी! मी सांगितलं होतं ना, ही कुणाला द्यायची नाही म्हणून?"

"सांगितलंस की." मावशीनं करांदा सोलायला घेतला. "पन दारात मागनारी उभी राह्यली का नाय कशी म्हनू? कोयता मागते, देते. पाटा मागते, देते. मंग हिलाच काय सोनं लागलंय? तिला वाटलं, आपल्याला ठावं हाय ते वहीत घालावं. मी म्हनलं, ने बाय. सांजच्याला आनून लाव."

खरंच होतं ते. त्या वाडीत मागितलेल्या वस्तूला नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला हाकलण्यासारखं. कुलूप ही चीज अख्ख्या वाडीत एकाच घराला होती, आणि त्याचीही किल्ली शेजारणीकडे. हे हर्षलाला ठाऊक नव्हतं का? होतं! तीन वर्षं येत होती, डोळे फुटले होते का? पण चावी बनवताना मुंबईच्या ऑफिसातला माणूस डोळ्यांपुढं ठेवला, आपलं टेबल, आपला ड्रॉवर, आपली किल्ली असा, आणि दिली ती मंगळीमावशीच्या हातात. मग होणार काय दुसरं?

"मग दोनशे चौदांतल्या तुमच्या किती?"

मावशीनं हिशेब केल्यासारखं आभाळाकडं पाहिलं. "असतील साठ-सत्तर."

विश्वास गेला पानिपतात! हर्षला ओट्यावर मटकन बसली.

एवढ्यात आतून नंदा आली. मावशीची सून, जगदीशची बायको, दोन वर्षांमागं लग्न होऊन आलेली. तिनं ऐकलं होतं सगळं.

"करांद्याचं मी लिवलं," ती सरळ म्हणाली. "का? चुकलं काय?"

हर्षलानं ओमकारभाऊंचं सांगितलं. नंदाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "आयशीशपथ, ताई... माज्या माहेरी एकदाच उकडतात वो. गोड असतात तिकडचे. मला वाटलं, करांदे ते करांदे."

हर्षलाला वाटलं, आता सासू तोंड सोडणार. पण मावशीनं विळी बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, "तू आपल्या रानातले तसे रांधून खाल्लेलेस?"

"नाय."

"मंग लिवलंस कसं?"

मावशी हर्षलाकडं वळली.

"आमच्यात रीत हाय. नवा कंद निघाला का रांधनारीनं आधी खायचं. तिला काय नाय झालं, मंग दुसऱ्या घरच्या कुनी खायचं. घरच्यानं नाय, घरचा मानूस मायेपोटी गोडच म्हनतो. दोघी बऱ्या राह्यल्या, तर पोरांच्या पानात. माज्या आज्यापासनं असंच हाय. तुज्या वहीत ही रीत कुठं हाय गं?"

नव्हती. अकरा ओळींच्या त्या फाइलीत, जिचा हर्षलाला एवढा अभिमान, तिच्यात कोण मोठा हे लिहिलेलं होतं. कुणी खाऊन पाहिलं, हे कुठंच नव्हतं. हर्षलानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा सांगा. सावकाश."

पहिली ओळ खोडून तिनं नवी लिहिली. खाण्याचा फेरबदल दोन सह्यांशिवाय घ्यायचा नाही. एक रांधणारीची, एक खाणाऱ्याची, आणि दोघं एका घरची नकोत. चावी जिची तिची, तिच्या तिच्या फोनमध्ये. फोन काही कुणी खिळ्याला लावत नाही. जुन्या नोंदींना हात लावायचा नाही, त्यांच्याखाली या दोन सह्या नव्यानं जोडायच्या, आणि ज्यांना जोडल्या जातील त्याच खऱ्या.

तिथंच बसून तिनं ओमकारभाऊंना फोनवर नियम वाचून दाखवला.

"पटतंय का, भाऊ?"

"अगं, यात मीही बसतो की. खाणारा म्हणून." ते हसायला गेले आणि खोकले. "पटलं. चावी रद्द नको. पण दोनशे चौदा नोंदी रविवारपर्यंत होतील?"

"बघू," हर्षला म्हणाली.

मग दोन दिवस त्या ओट्यावर जी जत्रा भरली, ती काय सांगावी! हर्षला एकेक नोंद मोठ्यानं वाचायची. मंगळीमावशी डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, "ही गौराबाईची. पाल्यात चिंच घालनारी ती एकटीच." "ही सुंदराची, तिला सगळं तव्यावरच लागतं." "ही नंदाची. बघ, मिठाचं नाव नाय. घालतच नाय ती धड, लिवनार काय?" नंदा आतून ओरडायची, "घालते की वो!" आणि दहांतल्या नऊ वेळा मावशीचं म्हणणं खरं निघायचं. गौराबाईला हाक मारली की ती कबूल करायची, "व्हय, माजीच. चावी नेली व्हती मी." मग प्रश्न यायचा की खाल्लं कुणी? त्यावर भांडणं! "मी खाल्लेलं, तुज्या पोराच्या बारशाला." "बारशाला नाय, त्या वर्सी भाजीच नव्हती मिळाली." जगदीश कामावरून येऊन सही करायला पुढं झाला, तर सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "तू घरचा हायस रं, तुजी नाय चालत!" बिचारा हात धुऊन गप बसला.

इकडं नंदा करांद्यांना लागली होती. प्रायश्चित्तच घेतलं होतं तिनं. सोलून चकत्या केल्या, राखेच्या पाण्यात उकडल्या, टोपलीत भरून रात्रभर वहाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवल्या, आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा चुलीवर चढवल्या. मावशी तिला काही सांगत नव्हती. नुसती बघत होती.

दुपारपर्यंत बायका आपापल्या कामाला पांगल्या. ओट्यावर हर्षला, मावशी आणि चुलीपाशी नंदा, एवढंच उरलं.

"आता त्यो तुजा नियम पुरा वाचून दाखव," मावशी म्हणाली. "म्हंजे आमाला पन कळंल, आमी कशाखाली सह्या केल्या."

हर्षलानं वाचलं. एकेक ओळ, सोप्या भाषेत. मावशी मान हलवत होती. शेवटच्या ओळीला हर्षलाचा आवाज जरा घाईत आला. "...आणि हर्षलाची सही सगळीकडे चालेल."

"ही कसली?"

"ती अशीच, मावशी. काही अडलं तर मला दुरुस्त करता यावं म्हणून."

"खाण्याच्याला पन चालंल?"

"...हो."

मावशीनं पेंढ्याची एक काडी उचलली आणि बोटाला गुंडाळत राहिली. रागाचा लवलेश नव्हता तिच्या आवाजात. तेच वाईट होतं.

"तू कुनाच्यातलं खाल्लंस गं, हर्षे? तीन वर्सं येतीस. पानीसुदिक तुज्या बाटलीतलं पितीस."

बाटली ओट्यावरच होती. दोघींच्या मधे.

हर्षलाच्या तोंडापर्यंत वाक्य आलं: पोट बिघडतं माझं. आईचं वाक्य, तीन वर्षांचं पाठ. पण ते तिचं तिलाच ऐकू गेलं आणि ओठांवरच वाळलं. पोट! त्या बिचाऱ्या पोटाच्या नावावर आपण काय काय खपवतो. शहरात चार जणांच्या बशीतली भेळ तिच्या पोटाला चालायची, साजगावच्या टपरीवरचा वडापाव चालायचा. मग मंगळीमावशीच्या घरचंच तेवढं त्या पोटाला ओळखू येत होतं होय? दोनशे चौदा नोंदी तिनं स्वतः टाइप केल्या होत्या. एकीचीही चव तिला ठाऊक नव्हती. या बाईच्या सहीवर तिचा विश्वास होता, हातावर नव्हता. आणि मावशीला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं, तरी दर शनिवारी ती 'ये गं बाय' म्हणत आली.

हर्षलाचे डोळे भरून आले. "चुकलं माझं, मावशी," ती म्हणाली. "खरंच चुकलं."

"रडतीस काय! ओमकारभाऊ दर येळी जेवतो आमच्यात, आन् पोट त्याचं बिघडलं ते आपल्या घरी." मावशी खुदकन हसली. "पोटाचा काय नेम नसतो बग."

हर्षलानं शेवटची ओळ खोडली. बटण दाबण्यापूर्वी एकदा थांबली, आणि दाबलं. स्वतः बांधलेल्या नोंदवहीत आता तिची सही कुठंच चालत नव्हती.

नंदा पानावर करांदे घेऊन बाहेर आली. वाफ निघत होती. ती ओट्याच्या कडेला बसली, एक चकती उचलली, सासूकडं पाहिलं, हर्षलाकडं पाहिलं आणि तोंडात घातली. चावून गिळली. मावशीनं तंबाखूची चिमूट मळली, दाढेखाली ठेवली, कोंबड्यांना दोनदा हाकललं. बराच वेळ गेला.

"काय नाय झालं," नंदा शेवटी म्हणाली. "खवखवत पन नाय."

"आता दुसऱ्या घरचं पाह्यजे," मावशी म्हणाली. "गौराबाई तर गेली लाकडाला. सुंदरा पन नाय." आणि दोघींनी हर्षलाकडं पाहिलं.

खोटं कशाला सांगू, हर्षला घाबरली. ओमकारभाऊंचा विहिरीच्या तळातला आवाज तिला आठवला. पण नंदाचे डोळे तिच्यावर लागले होते, आणि त्या डोळ्यांत करांद्याची भीती उरलेली नव्हती. वेगळीच होती. ही खाईल का आपल्या हातचं, ही.

हर्षलानं चकती घेतली. मऊ होती, किंचित कडवट, मागून गोडसर. दुसरी घेतली. तिसरी खाताना ठसका लागला, तर हात सवयीनं बाटलीकडं गेला आणि परतला. तिनं कोपऱ्यातल्या मडक्यातून तांब्या बुडवून पाणी घेतलं आणि घटाघट प्यायली. मावशीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग नंदानं आपल्या फोनवर करांद्याची नोंद नव्यानं लिहिली, राखेसकट, वहाळासकट, आणि सही केली. खाली दुसरी सही हर्षलाची. नियमानं ती घेतली. तिची ही पहिलीच हक्काची सही होती.

मग हर्षलानं नव्या नियमावर सगळी नोंदवही तपासायला लावली. दोनशे नऊ खऱ्या निघाल्या, पाच अडकल्या. रांधणाऱ्या सापडल्या होत्या, पण ते खाल्लेलं कुणी उरलं नव्हतं.

"राहूं दे त्या पाच," मावशी म्हणाली. "हंगाम आला का खाऊ. तू येशीलच." आणि उठून तिनं ती जुनी चावी पुन्हा खिळ्याला, कोयत्याशेजारी लावून टाकली.

ओमकारभाऊंना आकडा कळवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रविवारी मावशींना घेऊन ये. शाळेच्या मास्तरांना त्याच देतील नोंदवही."

निघताना नंदानं पानाचा पुडा हातात दिला. "आईंना द्या तुमच्या."

घरी आई ओटीवर बसून लसूण निवडत होती. पुडा पाहिल्याबरोबर तिनं विचारलं, "कुनी दिलं?"

"नंदानं. मंगळीमावशीच्या सुनेनं. तिनं रांधलेत."

आई लसूण निवडत राहिली. पण एकेका पाकळीला फार वेळ लागत होता.

हर्षला तिच्या समोर बसली. पुडा सोडला, दोघींच्या मधे ठेवला, आणि आधी स्वतः एक चकती खाल्ली. मग वाट बघत बसून राहिली, मावशी बसली होती तशी. आई तिच्याकडं बघत होती. लेकीचं पोट बिघडतंय का, ते बघत होती की आणखी काही, देव जाणे. बाहेर कुणाचा तरी टेंपो गेला. मग आईनं हात पदराला पुसला, एक चकती उचलली, वास घेतला आणि तोंडात टाकली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि दुसरी उचलली.